प्रकरण विचाराधीन

अप्पांचं पहिलं गाणं अजून रेकॉर्ड व्हायचं आहे, पण ते कोणकोणत्या सॉफ्टवेअरमध्ये होणार नाही याची यादी मात्र तयार आहे. यादी तारीखवार आहे. प्रत्येक नावापुढे शेरा आहे आणि शेऱ्याखाली लफ्फेदार सही.

अप्पा एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झाले. ‘माझ्या सहीनं दिलेलं एकही कर्ज बुडालं नाही,’ असं ते छातीवर हात ठेवून सांगतात आणि ते खरंच आहे. त्यांच्या सहीनं कर्जं दिलीच फार थोडी गेली. अर्जदार कितीही सज्जन असला तरी अप्पांना त्याचा एखादा कागद कमी दिसायचा. तो कागद आणेपर्यंत आधीच्या एखाद्या दाखल्याची मुदत संपलेली असायची. माणूस वाईट नव्हता. चहा पाजून परत पाठवायचा.

हा गृहस्थ अरसिक असेल असं मात्र कुणी समजू नये. वडिलांची जुनी पेटी घरात आहे आणि तिच्यावर अप्पांची बोटं आजही बरी फिरतात. डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवाला शाल आणि थर्मास घेऊन जाणाऱ्यांपैकी ते आहेत. सकाळी कोथरूडच्या टेकडीवर चढताना एका अभंगाला स्वतःच बांधलेली चाल ते गुणगुणतात. चाल भीमपलासाच्या अंगानं जाते आणि अंतऱ्यात ते निषादावर अशी एक जागा घेतात की बरोबर चालणारा आपोआप थांबतो. ही चाल कागदावर नाही, टेपवर नाही, कुठंच नाही. ती टेकडीवर जाते आणि अप्पांबरोबर परत येते.

मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला गेला तेव्हा त्याचा जुना डेस्कटॉप घरी राहिला. विंडोज दहा, चार जीबी रॅम. तेव्हाच अप्पांच्या मनानं घेतलं, घरच्या घरी गाणं करायचं. पेटी आपली, आवाज आपला, तबला संगणकाचा, आणि मागे जमलीच तर बासरी. मागणी एवढीच. नवशिक्यानं ठरवलं तर एका रविवारात कच्चं का होईना, गाणं उभं राहील असं हे काम. त्यासाठी सॉफ्टवेअर निवडायला अप्पा बसले आणि बंद झालेला कर्ज विभाग पुन्हा उघडला.

लाल कापडी पाठीचं रजिस्टर आलं. रकाने आखले गेले: अर्जदाराचं नाव, मूळ गाव, वय, किंमत, अटी, शेरा. मी शेजारी राहतो आणि संगणकात थोडंफार लक्ष घालतो, म्हणून मला बोलावणं आलं. मी एखादं नाव सुचवलं की अप्पा म्हणायचे, ‘‘सुचवणारा तू, म्हणजे जामीनदारही तूच.’’

पहिलं प्रकरण ऑडॅसिटीचं. मूळ गाव: पिट्सबर्गचं कार्नेगी मेलन विद्यापीठ. पहिली आवृत्ती २००० सालची. किंमत शून्य. शून्य पाहून अप्पा खुर्चीत सावरून बसले.

‘‘फुकट का देतात?’’

‘‘मुक्त सॉफ्टवेअर आहे, अप्पा. त्याचा कोड कुणीही वाचावा, कुणीही बदलावा.’’

‘‘मग जबाबदार कोण? उद्या माझा गंधार बिघडला तर दार कुणाचं ठोठावायचं?’’

शेरा पडला: ‘उत्पन्नाचा स्रोत अस्पष्ट. रेकॉर्डिंग व काटछाट उत्तम; मात्र आत वाद्यं नाहीत. तबलजी ज्याचा त्यानं आणावा.’ शेऱ्याचा उत्तरार्ध अगदी बिनचूक होता. अप्पांची चौकशी कधीच चुकीची नसते. फक्त तिला शेवट नसतो.

दुसरं प्रकरण एलएमएमएस. हेही फुकट, पण याची गत बरोबर उलटी. आत वाद्यांची रेलचेल. माउसनं चौकटीत टिचक्या मारत ठेका बांधता येतो, सुरांच्या पट्ट्या ओढून चाल मांडता येते. फक्त त्याच्या स्थिर आवृत्तीत माइकवरून थेट गाणं रेकॉर्ड करण्याची सोय नाही. शेरा: ‘वाद्यवृंद हजर, गायकास प्रवेश नाही.’

मी म्हणालो, ‘‘मग असं करा ना अप्पा. ठेका यात बांधा, त्याची फाइल काढा, ती ऑडॅसिटीत टाका आणि तिच्यावर गा. दोन्ही फुकट. काम संपलं.’’

‘‘संयुक्त खातं?’’ अप्पांनी चष्म्यावरून पाहिलं. ‘‘उद्या दोघांचं पटलं नाही तर?’’

वास्तविक प्रकरण इथंच मंजूर व्हायला हवं होतं. पण मंजुरी हा शब्द आला की अप्पांना पुढचा अर्ज आठवतो.

पुढचा अर्ज एफएल स्टुडिओचा. बेल्जियमची कंपनी. १९९७ साली फ्रूटीलूप्स या नावानं जन्म, २००३ साली नामांतर. जगभरची तरुण पोरं ठेके करायला हेच घेऊन बसतात. एकदा विकत घेतलं की पुढच्या सगळ्या आवृत्त्या जन्मभर मोफत, हे ऐकून अप्पा खूश झाले. निवृत्तिवेतनाचा सुवास आला त्यांना. मग चाचणी आवृत्तीच्या अटी वाचल्या. तिच्यात केलेलं काम सेव्ह होतं, पण विकत घेईपर्यंत ते पुन्हा उघडता येत नाही. अप्पांनी पेन उचललं: ‘ठेवी स्वीकारतात, परत करत नाहीत.’

सोसायटीतल्या एका मुलानं हळूच सांगितलं, ‘‘आजोबा, क्रॅक आणून देऊ का? सगळे तेच वापरतात.’’ अप्पांनी त्याला बसवून घेतलं, लाडू दिला आणि म्हणाले, ‘‘बाळा, बनावट कागदपत्रांवर मी आयुष्यात कुणाला पैसे दिले नाहीत. आता घ्यायलाही सांगू नकोस.’’ अशा चोरीच्या प्रतींबरोबर व्हायरसही घरात येतात हे कारण पुढचं. अप्पांचा नकार त्याच्या आधीचा होता, आणि तो स्वच्छ होता.

मग आलं रीपर. याचा कर्ता जस्टिन फ्रँकेल. एके काळी आपण सगळ्यांनी ज्याच्यावर एमपीथ्री गाणी ऐकली ते विनॲम्प याचंच. डाउनलोड इवलंसं, चार जीबीच्या संगणकावरही चालेल असं. साठ दिवस वापरून पाहायला पूर्ण मोकळीक, नंतर घरगुती वापराचा परवाना साठ डॉलरचा. इथपर्यंत सगळं जमलं होतं. मग अप्पांनी विचारलं, ‘‘एकसष्टाव्या दिवशी काय होतं?’’

‘‘काही नाही. चालू राहतं. उघडताना काही सेकंद एक सूचना दिसते, की आता पैसे भरा.’’

‘‘नुसती सूचना?’’

‘‘नुसती सूचना.’’

अप्पा उठून खिडकीपाशी गेले. ज्या माणसानं नव्वद दिवस हप्ता थकला की खातं एनपीए करण्यात हयात घालवली, त्याला ही ढिलाई सोसवेना. ‘‘जप्ती नाही, दंड नाही, घरी माणूस नाही. ही संस्था टिकायची नाही रे,’’ ते कळवळून म्हणाले. ती वीस वर्षांच्या आसपास टिकली आहे असं मी सांगितलं. शेरा: ‘वसुली धोरण शिथिल. ठेवीदारांच्या हिताचा विचार व्हावा.’

केकवॉकचं प्रकरण त्याहून गाजलं. १९८७ साली डॉसच्या काळ्या पडद्यावर सुरू झालेलं हे सॉफ्टवेअर. मालकी आधी अमेरिकेतल्या मूळ कंपनीची, मग जपानच्या रोलँडकडे, २०१३ साली गिटारवाल्या गिब्सनकडे. २०१७च्या नोव्हेंबरात गिब्सननं काम थांबवलं. २०१८ साली सिंगापूरच्या बँडलॅबनं ते उचललं आणि शेकडो डॉलरचा माल फुकट वाटायला काढला. विंडोजवाल्यांसाठी ही मोठीच मेजवानी होती. अप्पांनी मात्र सातबाऱ्यावरच्या फेरफार नोंदी तपासाव्यात तसा हा सगळा इतिहास एका कागदावर उतरवून काढला आणि शेवटी लिहिलं: ‘हस्तांतरणं फार. सर्व वारसांची संमती दिसत नाही.’

राहता राहिलं गॅरेजबँड. २००४ साली आलेलं, ॲपलच्या मॅकवर मोफत मिळणारं. पूर्ण नवख्या माणसाला त्याहून सोपं काही दाखवणं अवघड. उघडावं, वाद्य निवडावं, लाल बटण दाबावं. पण ते मॅकखेरीज आणि ॲपलच्या फोन-टॅबखेरीज कुठंच चालत नाही. शेरा: ‘अर्जदार सज्जन. परंतु त्याच्या निवासाची व्यवस्था बँकेनं करावी अशी अपेक्षा.’

कागदपत्रांची फेरी संपली तशी तांत्रिक छाननी सुरू झाली. कुठूनतरी अप्पांच्या कानावर लेटन्सी आली. कीबोर्डची पट्टी दाबल्यापासून स्पीकरमधून सूर निघेपर्यंत जो उशीर होतो तो. संगणक आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतो आणि ते थोडे थोडे साठवून मगच पुढं ढकलतो. हा साठा ५१२ नमुन्यांचा ठेवला तर त्यातच सुमारे बारा मिलिसेकंद जातात. साठा कमी केला तर उशीर घटतो, पण जुन्या संगणकाला धाप लागून आवाज तडतडतो. विंडोजवर असिओ जातीचा ड्रायव्हर टाकला की बरंच भागतं. हे सगळं मी सांगितलं.

‘‘बारा मिलिसेकंद उशीर मला चालणार नाही,’’ अप्पा म्हणाले. ‘‘लय म्हणजे लय.’’

‘‘अप्पा, आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. तबलजी तुमच्यापासून चार मीटरवर बसला तर त्याची थाप तुमच्या कानापर्यंत यायला एवढाच वेळ लागतो.’’

अप्पा विचारात पडले. मला वाटलं, पटलं. संध्याकाळी निरोप आला की भजनात तबलजी नेहमी किती मीटरवर बसतो हे मोजायला हवं.

मग मींड आली. संगणक आणि कीबोर्ड ज्या भाषेत बोलतात ते मिडी १९८३ सालचं. त्यात स्वरांना शून्य ते १२७ असे आकडे, आणि दोन आकड्यांच्या मध्ये काहीच नाही. ‘‘म्हणजे माझा कोमल निषाद फक्त एका जागी उभा राहणार?’’ स्वर वाकवण्यासाठी पिच बेंड नावाचं चाक असतं, त्यानं मींड काढता येते, असं मी म्हणालो. पण अप्पा तोवर थेट आकाशवाणीच्या इतिहासात शिरले होते. १९४० साली याच कारणासाठी रेडिओनं हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती १९७१पर्यंत उठली नाही. अप्पांच्या मते रेडिओचं बरोबरच होतं. हे ते वडिलांच्या पेटीवर कोपर टेकवून सांगत होते.

तालाच्या मुद्द्यावर मात्र मी पुरता निरुत्तर झालो. ही सॉफ्टवेअर उघडली की बहुतेकदा समोर चारचारांचं खंड आणि मिनिटाला १२० ठोके मांडून ठेवलेले असतात. त्रिताल त्यात सुखानं बसतो, चार खंडांत सोळा मात्रा. झपतालाच्या दहा किंवा रूपकाच्या सात हव्या असतील तर खंडाचा आकडा बदलावा लागतो, तोही बदलता येतो. मी सात केले आणि मेट्रोनोम सुरू केला. तो प्रत्येक आवर्तनाच्या पहिल्या ठोक्यावर जोरात टणत्कार करू लागला. अप्पांनी हात वर केला.

‘‘रूपकात सम कुठं असते?’’

‘‘पहिल्या मात्रेवर.’’

‘‘आणि तिथं टाळी की खाली?’’

‘‘खाली.’’

‘‘मग हा नेमका तिथंच घंटा का बडवतोय?’’

याला माझ्यापाशी उत्तर नव्हतं. ज्याला हा प्रश्न पडतो त्या माणसाचं गाणं रेकॉर्ड व्हायलाच हवं, असं त्या क्षणी मला मनापासून वाटलं. ठोक्याचा तो जोर बंद करता येतो, पण अप्पांनी तोवर रजिस्टरमध्ये ‘ताल: अज्ञान’ असं लिहून पान उलटलं होतं.

दरम्यान तापकीर गल्लीत खरेदीही झाली. माइक घ्यायला म्हणून आम्ही गेलो. दुकानदारानं कंडेन्सर माइक दाखवला, त्याला ४८ व्होल्टचा फँटम पॉवर लागतो, म्हणून ऑडिओ इंटरफेस दाखवला, मग म्हणाला, ‘‘काका, कशाला एवढं? यूएसबी माइक घ्या, थेट संगणकात खुपसा.’’ सल्ला सोन्यासारखा होता. अप्पांनी तिन्ही वस्तूंची कोटेशनं लेखी मागितली आणि रिकाम्या हातानं जाणं बरं दिसत नाही म्हणून एक पॉप फिल्टर घेतला. ‘प’ आणि ‘फ’चे फटकारे माइकवर आदळू नयेत म्हणून लावायची ती जाळी. माइक अजून नाही. जाळी आहे. काकूंनी ती चहाच्या गाळण्याशेजारी टांगली आहे.

काकूंचं एक भजनी मंडळ आहे. आषाढी एकादशीला देवळात गायचं होतं आणि पेटी-तबल्याची साथ आधीच मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवली होती, काळी पाचमध्ये. आयत्या वेळी मुख्य गाणाऱ्या बाईंचा घसा बसला. त्यांना आता काळी चार हवी. पेटीवाले गावाला गेलेले. काकूंनी मला हाक मारली, ‘‘अरे, यांच्या त्या वहीतल्या कुणाला पट्टी उतरवता येते का रे?’’

येते. मोबाइलमधली फाइल संगणकात घेतली, ऑडॅसिटीत उघडली, सगळी निवडली, पिच बदलण्याचा पर्याय घेतला आणि दोन अर्धस्वर खाली उतरवले. काळी पाच ते काळी चार एवढंच अंतर. लय होती तेवढीच राहिली. एमपीथ्री काढून परत मोबाइलमध्ये टाकली. तोवर कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या होत्या.

अप्पा मागे उभं राहून ऐकत होते. ‘‘तबल्याच्या आवाजाला जरा जाडी आली,’’ ते म्हणाले.

‘‘आली,’’ काकू म्हणाल्या. ‘‘आमच्या बाईंना पण वयानं आली आहे. कुणी बोललं का?’’

मंडळ एकादशीला गायलं. देवळात कुणी सॉफ्टवेअरचं नाव विचारलं नाही. त्या रात्री अप्पांनी ऑडॅसिटीच्या पानावर एक नवी ओळ लिहिली: ‘अर्जदारानं मंजुरीपूर्वीच काम केल्याचं निदर्शनास आलं. खुलासा मागवावा.’

असे अप्पा एकट्या कोथरूडमध्ये नाहीत. गाण्याच्या सॉफ्टवेअरपाशी ते जास्त दिसतात, कारण तिथं आता नावं फार आहेत, बहुतेक फुकट किंवा वापरून पाहायला मोकळी आहेत आणि तुलना करायला रात्र पुरत नाही. पूर्वी स्टुडिओचं भाडं परवडत नसे, म्हणून गाणं राहून जाई. आता अख्खा स्टुडिओ घरात आला, तेव्हा राहून जायला नवं कारण हवं होतं. ते निवडीनं पुरवलं. आळशी माणूस निदान झोपतो तरी. अप्पा रात्री दोनपर्यंत जागतात, दोन यंत्रांचे रकाने जुळवतात आणि आज बरंच काम झालं अशा समाधानानं पाठ टेकतात.

आणि या समाधानात लबाडी नाही. अप्पांना बँकेनं एक गोष्ट पक्की शिकवली आहे, की न दिलेलं कर्ज कधी बुडत नाही. न केलेल्या गाण्यातही बेसूर कधी लागत नाही. त्या चालीतली ती निषादाची जागा टेकडीवर रोज अचूक येते. लाल बटण दाबलं की ती एकदा तरी चुकणार आणि चुकलेली कायमची फाइलमध्ये राहणार. हे अप्पांना आपल्या सगळ्यांपेक्षा चांगलं कळतं. म्हणून ते बटणाच्या रंगाची चौकशी करत बसतात.

ज्यांना चौकशी नको, गाणं हवं, त्यांच्यासाठी निकाल दोन ओळींचा आहे. मॅक असेल तर गॅरेजबँड उघडा. विंडोज असेल आणि फक्त आवाज, पेटी रेकॉर्ड करायची असेल तर ऑडॅसिटी. ठेका बांधायचा असेल तर एलएमएमएस. सगळं एकाच जागी हवं असेल तर रीपरचे साठ दिवस, आणि मनात भरलं तर पैसे भरा. हेडफोन लावून गा, नाहीतर स्पीकरमधला तबला माइकमध्ये शिरेल. पहिलं गाणं कसंही होवो, पूर्ण करा. पहिलं पूर्ण झाल्याशिवाय दुसरं सॉफ्टवेअर उतरवू नका.

आणि तुमच्या घरी अप्पा असतील तर त्यांना समजावत बसू नका. टेकडीवर जाताना मोबाइल खिशात ठेवून रेकॉर्डर चालू करा, ती चाल एकदाची पकडा. नंतर अप्पा तिच्यावर शेरा मारतीलच. पण एवढं मात्र करा, त्यांच्यासमोर नव्या सॉफ्टवेअरचं नाव काढू नका. रजिस्टरमध्ये अजून पुष्कळ पानं कोरी आहेत.